तण काढायचं खुरपं कसं निवडावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडून गेला की आठवड्याभरात नाशिकच्या अंगणांत हिरवी लव उठते. दोन दिवस बघायला छान वाटते, तिसऱ्या दिवशी ध्यानात येतं की यातलं आपण लावलेलं काहीच नाही. मग इंदिरानगरपासून मखमलाबादपर्यंतच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. दरवर्षी तोंडी उत्तरं देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, आता घरामागच्या दीड गुंठ्यात भाजी आणि गुलाब सांभाळतो. लोहार नाही, कृषी अधिकारीही नाही. हात कापून घेत घेत जे कळलं ते इथे आहे.

मुळात खुरपं, विळा, कुदळी आणि कोळपं यांत फरक काय?

खुरपं बसून चालवायचं. पातं जमिनीशी जवळजवळ आडवं धरायचं आणि तणाची मान मातीच्या बोटभर खाली कापायची. विळा गवत वरून कापतो, मूळ तसंच राहतं. चार दिवसांनी तेच गवत आणखी दाट होऊन येतं, कारण तुम्ही त्याची छाटणी केलेली असते! चाऱ्याला विळा, तणाला खुरपं.

कुदळी म्हणजे लहान कुदळ. एका बाजूला पातं आणि दुसऱ्या बाजूला दोन दाते अशीही मिळते. ती खणायच्या कामाची : हरळीच्या मुळ्या, लव्हाळ्याच्या गाठी, घट्ट झालेलं आळं. कोळपं उभ्यानं चालवायचं अवजार. बैलाच्या कोळप्याची पास, म्हणजे आडवं पातं, दोन ओळींच्या मधून मातीखालून सरकत जाते. तीच कल्पना हातानं ढकलायच्या एकचाकी कोळप्यात आहे, त्याला सगळे सायकल कोळपं म्हणतात.

या कामाला आमच्याकडे निंदणी म्हणतात, कुणी खुरपणी म्हणतं, कोकणात बेणणी. नाव काही असो, कंबर तीच दुखते.

एकच अवजार घ्यायचं असेल तर?

तीन इंची पात्याचं, लोहारानं घडवलेलं, लाकडी मुठीचं खुरपं. खाली बसता येत नसेल तर पुढे गुडघ्यांचा प्रश्न आहे, तो आधी वाचा.

पातं किती रुंद असावं?

दुकानात गेल्यावर हात मोठ्या पात्याकडे जातो. जास्त रुंद म्हणजे काम लवकर, असा हिशोब असतो. घरच्या बागेत तो चुकतो. आपल्या वाफ्यात मेथी, कोथिंबीर, पालक एकमेकांना खेटून असतात, मधे जेमतेम चार बोटं जागा. पाच इंची पातं तिथे घातलं की तणाबरोबर मेथीही जाते. कुंड्यांना दोन इंच, वाफ्यांना तीन, मोकळ्या जागेला किंवा झाडांच्या आळ्यांना चार. याहून रुंद पातं लांब दांड्याच्या अवजारालाच शोभतं.

जाडीही बघा. दोन-तीन मिलिमीटर पुरे. पातळ पत्रा वाकतो, आणि फार जाड पातं मातीत शिरण्याऐवजी माती ढकलत बसतं. वजन पाव किलोच्या आसपास असेल तर तासभर चालवलं तरी मनगट कुरकुरत नाही. दुकानातच दोन मिनिटं हातात धरून मनगट हलवून बघा. दुकानदार बघत राहील, राहू द्या.

लोखंड चांगलं आहे हे विकत घेताना ओळखायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात कमी विचारला जातो. लोक रंग बघतात.

चांगलं खुरपं बहुतेक वेळा ट्रकच्या किंवा जीपच्या जुन्या कमानपाट्यापासून बनतं. गाडीच्या कमानीचं पोलाद लवचीक आणि चिवट असतं, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. म्हणूनच लोहार ते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो तेव्हा ते कडक होतं. यालाच पाणी पाजणं म्हणतात. साध्या पत्र्यात कार्बन पाव टक्क्याहून कमी. त्याला कितीही पाणी पाजा, ते कडक होणार नाही. त्याची धार पहिल्या खड्यालाच मुडपते. दोन्ही खुरपी काळ्या रंगात बुडवून शेजारी शेजारी टांगली की दिसायला जुळी भावंडं!

म्हणून कानानं बघा. मुठीला सैल धरून पात्यावर नाण्यानं टिचकी मारा. घडवलेलं पोलाद खणखणतं, नरम पत्रा बद्द वाजतो. मूठ ढिली असली तरी आवाज बद्द येतो, तेव्हा तेही त्याच परीक्षेत कळतं. नंतर पात्याची पाठ बघा. घणाचे ठसे, थोडी असमान जाडी, मानेजवळ जाड आणि धारेकडे पातळ होत गेलेलं पातं म्हणजे ते ऐरणीवर बसून आलंय. सगळीकडे सारखीच जाडी असेल तर पत्र्यातून कापून काढलंय. दुकानदार ओळखीचा असेल तर धारेच्या कडेला कानस एकदा हळूच फिरवून बघा. कानस लोण्यासारखी चावली तर लोखंड नरम. जरा अडखळत, पण चावली तर उत्तम. अजिबात न चावता घसरली तर ते गरजेपेक्षा कडक आहे, दगडावर तुकडा उडेल.

शेवटी मान बघा, म्हणजे पातं मुठीकडे वळतं ती जागा. खुरपं मोडतं ते तिथेच. पातं आणि मान एकाच तुकड्यातून ओढलेली असतील तर डोळे मिटून घ्या. वेल्डिंगचा एकच ठिपका लावून जोडलेली असतील तर परत टांगून ठेवा.

स्टेनलेस स्टीलचं घेतलं तर गंज नाही, मग तेच का नको?

कुंड्यांना घ्या, जरूर. पण बाजारात मिळणारी बरीचशी स्टेनलेस खुरपी पातळ पत्र्याची असतात आणि त्यांना धार धरत नाही. आपल्या काळ्या मातीत त्यांचा चमचा होतो. गंज टाळणं तसंही अवघड काम नाही, खाली येईलच.

मूठ लाकडी की प्लॅस्टिकची?

लाकडी. बाभळीची मिळाली तर सोनं, ती चिवट असते आणि बैलगाडीपासून नांगरापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरात आहे. धावड्याची कुठे दिसली तर तीही सोडू नका, कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच करायचे. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवंच, नाहीतर लाकूड उभं चिरतं. पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे वाकवलेलं असेल तर ते खुरपं तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

मुठीवर चकचकीत रंग किंवा वार्निश असेल तर घरी आणून पॉलिश पेपरनं घासून टाका. घामट हातात ती घसरते आणि फोड आणते. नंतर जवसाचं तेल चोळा. उन्हाळ्यात मूठ ढिली झाली म्हणून खुरपं रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. लाकूड फुगून मूठ घट्ट होते खरी, पण सुकल्यावर आणखी ढिली पडते. लाकडाची बारीक पाचर ठोका.

गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. बाग सोडून द्यायची का?

अजिबात नाही. माझ्या आईनं सत्तरीनंतर उकिडवं बसणं सोडलं, निंदणं सोडलं नाही.

पहिला मार्ग लांब दांड्याचा. यात दोन जाती आहेत आणि त्या गोंधळून टाकतात. एक आपल्याकडे ओढायची : पातं दांड्याशी काटकोनात, फावड्यासारखं. दुसरी पुढे ढकलायची : पातं जमिनीला समांतर, धार पुढच्या बाजूला. ओढायच्या जातीत जोर जास्त मिळतो, मोठं तण निघतं, पण कंबर थोडी वाकतेच. ढकलायच्या जातीत ताठ उभं राहून, मागे मागे सरकत काम होतं, खुरपलेल्या मातीवर आपलाच पाय पडत नाही. मात्र ती कोवळ्या तणालाच चालते. गुडघ्यांबरोबर कंबरही कुरकुरत असेल तर ढकलायचीच घ्या आणि तण दोन बोटांपेक्षा उंच होऊ देऊ नका. पात्याच्या जागी घोडेस्वाराच्या रिकिबीसारखी पोलादी पट्टी असलेलंही एक अवजार मिळतं. ती पट्टी पुढेमागे हलते आणि जाता येता दोन्हीकडून कापते. भुसभुशीत वाफ्यात ते फार सुरेख चालतं, दगडगोट्यांत मात्र वैताग देतं.

दांडा किती लांब? अवजार जमिनीवर उभं करा, टोक तुमच्या खांद्याला लागलं पाहिजे. दुकानात मिळणारे दांडे बऱ्याचदा छातीपर्यंतच येतात, मग माणूस नकळत वाकतो आणि संध्याकाळी अवजाराला नावं ठेवतो. नुसतं पातं विकत घेऊन दांडा बांबूचा बसवला तर हलकाही होतो आणि लांबी हवी तेवढी ठेवता येते. बांबू भरीव घ्या.

सायकल कोळपं घ्यायचं तर ओळी सरळ आणि मधे निदान एक फूट जागा हवी. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं दोन चाकांचं हातकोळपंही विकसित केलंय, ते डुगडुगत नाही. पण घरामागच्या दोन-तीन वाफ्यांसाठी कोळपं आणणं म्हणजे गल्लीत फिरायला ट्रॅक्टर काढणं.

दुसरा मार्ग पाटाचा. स्वयंपाकघरातला जुना पाट किंवा वीतभर उंचीचं स्टूल, आणि साधं खुरपं. आईनं हाच निवडला. लांब दांड्याच्या अवजारानं रोप आणि तण यांतला फरक तिला दिसेना, आणि तिचं म्हणणं, न दिसता निंदायचं तर बैलच बरा.

आमची माती काळी आहे. पावसात खुरप्याला चिकटते, उन्हात दगड होते. अवजार बदलू का?

अवजार नको, दिवस बदला. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना आकसतात. म्हणूनच मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्यात खुरपलं तर पात्यावर किलोभर लगदा बसतो, आणि वर जी ढेकळं वळतात ती पुढे विटांसारखी होतात. सुक्यात खुरपलं तर तण वरच्यावर तुटतं आणि मूळ खाली हसत बसतं.

या दोन्हींच्या मधे येतो तो वापसा. शेतकऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही, शहरातल्या बागवाल्याला सांगावा लागतो. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा थपकन बसला तर अजून ओल जास्त आहे. वळलाच नाही तर उशीर झालाय. पडून भुगा झाला तर खुरपं उचला. जोराच्या पावसानंतर काळ्या मातीत वापसा यायला उघडिपीचे दोन-तीन दिवस लागतात, आणि कडक ऊन असेल तर तो एक-दोन दिवसांत निघूनही जातो. रविवारची सुट्टी आणि वापसा एकाच दिवशी आले तर त्याला योग म्हणायचं.

त्र्यंबक, इगतपुरीकडे गोष्ट वेगळी. तिथे पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट, जमीन तांबूस, मुरमाड. चिकटत नाही, पण खड्यांनी धार खाते. तिथे पातं थोडं जाड घ्या आणि कानस जवळ ठेवा. गंगापूर रोडच्या नव्या सोसायट्यांतली माती बहुतेक बाहेरून आणून भरलेली असते. तिच्यात सिमेंटचे डबर, खिळे, फरशीचे तुकडे निघतात. चांगलं खुरपं तिथे पहिल्या वर्षी नेऊच नका. आधी कुदळीनं डबर वेचा.

लव्हाळा कितीही खुरपला तरी आठ दिवसांत परत येतो. खुरपं खराब आहे का?

खुरपं निर्दोष आहे. लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा, बीपेक्षा गाठींवर वाढतो. जमिनीखाली गाठींची माळच असते, बहुतेक वरच्या वीतभर थरात. पातं वरून फिरलं की माळेतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात, एकाचे चार होतात. टोमॅटोवाल्यांना विचारा, हा गडी मल्चिंग पेपरलाही भोक पाडून वर येतो.

दोनच गोष्टी चालतात. लहान जागा असेल तर वापशावर कुदळीनं किंवा दात्यांनी खणून गाठी वेचायच्या, माती चाळायची. कंटाळवाणं आहे, पण चालतं. जागा मोठी असेल तर कोंब दिसला की कापायचा, दर दहा-बारा दिवसांनी, न चुकता. पान वर आल्यावर काही आठवड्यांतच खाली नव्या गाठी धरायला लागतात. त्याआधीच पान गेलं तर जुनी गाठ साठवलेलं खाऊन खाऊन दमते. एक पावसाळा पुरत नाही, दोन लागतात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून त्या जागी भोपळ्याचा नाहीतर रताळ्याचा वेल पसरू द्या.

हरळीचं दुखणं थोडं निराळं. तिच्या कांडीचा प्रत्येक पेर मूळ धरतो. खुरपून तिथेच टाकलीत तर तुम्ही तिची लागवड केलीत. गोळा करून फरशीवर कडक उन्हात वाळवा. गणपतीपुरत्या दूर्वा एका कुंडीत ठेवा, बाकीचा मोह नको.

गाजरगवत खुरप्यानं काढावं की हातानं?

फुलायच्या आधी, हातमोजे घालून, ओल्या मातीतून मुळासकट उपटावं. नुसतं कापलं तर बुडातून फुटतं. १९५५ साली पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आता ते देशभर आहे. एक झाड हजारो बिया टाकतं, महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. अनेकांना त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. पांढरी फुलं आलेली झाडं कंपोस्टमध्ये टाकू नका. पानं कुरतडणारे पिवळट, तपकिरी नक्षीचे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मुद्दाम मेक्सिकोहून आणून १९८४ च्या सुमारास आपल्याकडे सोडलेले आहेत, गाजरगवत खायलाच.

तणनाशक मारून मोकळं का होऊ नये?

दीड गुंठ्यात? एक तर तुमचे गुलाब, कढीपत्ता, तुळस सगळं हातभर अंतरावर असतं आणि नाशकात संध्याकाळी वारा सुटतो. ग्लायफोसेट हिरव्या पानावर पडलं की ते तण आहे की मोगरा हे विचारत नाही. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. रुंद पानांच्या तणावरचं टू-फोर-डी तर द्राक्षवेलीचं वैरी आहे, नुसत्या वाऱ्यानं आलेल्या तुषारांनी पानं पंख्यासारखी आकसतात. शेजारी बाग असेल तर त्या बागाईतदाराशी भांडण विकत घेऊ नका.

नवं खुरपं आणलं, पण त्याला धारच नाही. फसवलं का?

नाही. खुरपी बहुधा बिनधारेचीच विकतात, धार घरी लावायची असते. आणि अर्धे लोक ती कधीच लावत नाहीत! बोथट खुरपं तण कापत नाही, ओरबाडतं. मग माणूस जोर लावतो, पातं खोल जातं आणि खालच्या थरात निजलेलं तणाचं बी उजेडात येतं. पुढच्या पंधरवड्याचं तण तुम्हीच पेरता.

एक आठ-दहा इंची सपाट कानस घ्या. खुरपं पायाखाली नाहीतर शिकंज्यात घट्ट धरा. पात्याच्या एकाच बाजूनं, धारेकडे तोंड करून, एकाच दिशेनं कानस चालवा. परत येताना उचला. पुढेमागे घासलं तर कानसच बोथट होते. उतार काटकोनाच्या अर्ध्यापेक्षा थोडा कमी ठेवा. वस्तऱ्यासारखी धार काढाल तर पहिल्या खड्याला दाते पडतील. पाठीमागे बोट फिरवल्यावर बारीक खरखर लागली की धार आली. ती खरखर एकदा सपाट कानस फिरवून काढून टाका. मी उतार वरच्या बाजूला ठेवतो आणि सपाट पाठ जमिनीकडे, म्हणजे पातं वरवर सरकतं. दिवसातून दोनदा चार हात मारले की पुरे. निंदणीला येणाऱ्या मावशी तर बांधावरचा दगडच वापरतात आणि त्यांची धार माझ्यापेक्षा चांगली असते.

ग्राइंडर जपून. पातं निळं पडलं की पाणी उतरलं, तेवढी कड नरम झाली. मग तिथून पुढे खुरपं लोहाराकडून शेवटून आणावं लागतं : तो पातं तापवून, ठोकून पुन्हा पातळ करतो आणि नव्यानं पाणी पाजतो.

नाशकात चांगलं खुरपं कुठे मिळेल?

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात बघा, पण लवकर जा. त्याहून चांगलं म्हणजे तालुक्याच्या आठवडे बाजारात, जिथे शेतकरी स्वतः घेतो. तो रंगाला भुलत नाही, म्हणून तिथला विक्रेताही रंगावर विसंबत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडतात. भाता, ऐरण, बाई घण मारतेय आणि माणूस सांडशीत लाल लोखंड फिरवतोय, असं दृश्य दिसलं तर गाडी थांबवा. तिथे तुमच्या हाताच्या मापाचं, हव्या त्या वाकाचं खुरपं डोळ्यांदेखत मिळतं. सिनेमाच्या तिकिटाएवढेही पैसे बऱ्याचदा लागत नाहीत, आणि तरी लोक घासाघीस करतात. करू नका.

ऑनलाइन मागवलं तर?

मी मागवलं होतं. पाच अवजारांचा संच, हिरव्या मुठी, फोटोत फार देखणा. खुरपं दुसऱ्या दिवशी हरळीत वाकलं, मी ते सरळ केलं, तिसऱ्या दिवशी मानेतून तुटलं. तक्रार केली तर उत्तर आलं की हे कुंडीतल्या मऊ मातीसाठी आहे. तसं पाकिटावर कुठेच नव्हतं. कानस, हातमोजे, रिकिबीचं अवजार हे ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. खुरपं मात्र वाजवून बघता आलं पाहिजे.

मी डावखुरा आहे.

मग हा प्रश्न दुकानात नक्की विचारा. काही खुरपी एका बाजूला वळवलेली असतात आणि ती उजव्या हाताचीच असतात. सरळ मानेचं घ्या, किंवा लोहाराला उलट वाक द्यायला सांगा. त्याला पाच मिनिटांचं काम.

कांदा, लसूण, गुलाब यांच्यात खुरपताना काय जपायचं?

कांद्याची मुळं अगदी वरवर असतात, पातं बोटाच्या पेरापेक्षा खोल नको. कांदा फुगायला लागला की खुरपं बाजूला ठेवून हातानंच उपटा. चिरलेला कांदा साठवणीत टिकत नाही, हे लासलगावच्या वाटेवरचं पोरही सांगेल.

गुलाबाचं तसं नाही. त्याला आळ्यातली माती हलवलेली आवडते, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला पातं लागलं की तिथून रोग शिरतो. मुघलांनी नाशिकला गुलशनाबाद म्हटलं होतं. त्या काळचे माळी कोणतं खुरपं वापरत असतील हे मला नेहमी वाटत आलंय. बहुधा हेच.

किती दिवसांनी खुरपायचं?

तण दोन पानांवर असताना. त्या वेळी माती नुसती हलवली तरी पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं उघडी पडतात आणि दुपारच्या उन्हात मरतात. पावसाळ्यात हे दर दहा-बारा दिवसांनी येतं, दिवाळीनंतर महिन्यातून एकदा पुरतं. सकाळी खुरपा, म्हणजे ऊन तुमच्या बाजूनं लढतं. संध्याकाळी खुरपून रात्री पाऊस आला तर अर्धं तण पुन्हा रुजलेलं दिसेल.

काढलेल्या तणाचं काय करायचं?

फूल-बी नसेल तर तिथेच आच्छादन म्हणून पसरा. आणि काही तर सरळ स्वयंपाकघरात न्या : घोळ, तांदुळजा, केना, कुंजरू. घोळीची भाजी डाळ घालून आमच्याकडे पावसाळ्यात दोनदा तरी होते. एक सावधगिरी. जमिनीला चिकटून वाढणारी दुधी (भोपळा नव्हे, या नावाचं तण) घोळीसारखी भासते. देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. रस्त्याकडेची आणि गटाराकाठची भाजी आणू नका. तण ओळखू आलंच नाही तर मुळासकट उपटून मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा.

खुरपं गंजू नये म्हणून?

माती धुवा, पुसा, तेलाचा बोळा फिरवा. तळणाचं उरलेलं तेल नको, चिकट होतं आणि मुंग्या येतात. वाळूच्या बादलीत थोडं तेल ओतून त्यात खुरपी खोचून ठेवली की सगळं एकदमच होतं. खंडेनवमीला अवजारं पुजायची असतात, त्याच्या आदल्या दिवशी मी सगळी कानस मारून, मुठी ठोकून ठेवतो. पूजेच्या दिवशी त्यांना सुट्टी.

खुरपताना बोट कापलं तर?

साबणानं भरपूर धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरकडे जा. कापण्यापेक्षा मोठी भीती दाट तणात हात घालण्याची आहे. पावसाळ्यात तिथे घोणस, फुरसं असू शकतं. आधी काठीनं गवत हलवा, मग बसा.

आजीचं खुरपं झिजून दोन बोटांएवढं उरलंय. टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. इतकी वर्षं झिजूनही ज्याची धार टिकली ते पोलाद आता सहजासहजी मिळत नाही. मूठ बदला, कडं नवं घाला. अरुंद पातं लसणाच्या वाफ्यात आणि कुंड्यांत जसं चालतं तसं कुठलंही नवं चालत नाही. आमच्या घरातलं असंच एक आहे, त्याची मूठ तिसरी आणि पातं पहिलं. लसूण निंदायचा असला की आई तेच मागते, आणि मी दुसरं दिलं तर न बघताच परत करते.